शेल चाचणी-स्क्रिप्ट
संगणकावरील एखादी आज्ञावली अपेक्षेप्रमाणे काम करते की नाही, हे आपोआप पडताळून पाहण्यासाठी शेलच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञांच्या मालिकेला शेल चाचणी-स्क्रिप्ट म्हणतात. शेल ही वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचून त्या संगणकाच्या परिचालन प्रणालीकडून करवून घेणारी आज्ञावली होय. चाचणी-स्क्रिप्ट तपासावयाच्या आज्ञावलीला ठराविक आदान पुरविते, तिच्याकडून मिळालेल्या प्रदानाची अपेक्षित प्रदानाशी तुलना करते आणि शेवटी ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ असा निर्णय देते. प्रदान म्हणजे आज्ञावलीने पडद्यावर, फाइलीत किंवा पुढील आज्ञेकडे पाठविलेला मजकूर. व्यवहारात त्यास आउटपुट म्हणतात.

अशा स्क्रिप्टची मुख्य अडचण ही की, बहुतेक आज्ञावलींचे प्रदान माणसांनी वाचावे म्हणून मांडलेले असते, तर स्क्रिप्ट ते अक्षरशः वाचते. साधनाच्या नव्या आवृत्तीत शब्द, रिकाम्या जागा, रकान्यांचा क्रम किंवा विरामचिन्हे बदलली, तर माणसाला काहीच फरक जाणवत नाही. परंतु अक्षरशः तुलना करणारी चाचणी अयशस्वी ठरते. याउलट हा त्रास टाळण्यासाठी तुलना सैल केली, तर आज्ञावलीत खरोखर दोष असूनही चाचणी यशस्वी ठरू शकते. पहिल्या प्रकारात खोटा गजर होतो. तो वारंवार झाल्यास लोक गजराकडे लक्ष देणेच सोडतात. दुसऱ्या प्रकारात गजर वाजतच नाही. प्रदानाची मांडणी बदलली तरी टिकून राहील आणि तरीही खरा दोष पकडील अशी चाचणी लिहिणे, हा या विषयाचा गाभा होय.

पार्श्वभूमी : यूनिक्स ही परिचालन प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित झाली. तिच्यात १९७३ मध्ये पाइप ही सोय आली. पाइपमुळे एका आज्ञेचे प्रदान सरळ दुसऱ्या आज्ञेचे आदान बनते. ग्रेप, सेड व ऑक ही मजकूर शोधणारी, बदलणारी व रकाने वेगळे करणारी साधने याच दशकात तयार झाली. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर प्रसृत झाला आणि शेलमध्ये मोठ्या स्क्रिप्ट लिहिण्याची प्रथा रुळली. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७८ मध्ये यूनिक्सच्या कार्यपद्धतीची सूत्रे सांगताना, प्रत्येक आज्ञावलीचे प्रदान पुढे एखाद्या अद्याप अज्ञात आज्ञावलीचे आदान होईल असे गृहीत धरावे व प्रदानात अनावश्यक मजकूर मिसळू नये, असे सुचविले होते. प्रत्यक्षात मात्र साधनांचे प्रदान एकाच वेळी माणूस व यंत्र या दोघांसाठी वापरले जाऊ लागले आणि दोघांच्या गरजांतील विसंगती चाचण्यांमध्ये प्रकर्षाने दिसू लागली.

निरनिराळ्या उत्पादकांच्या यूनिक्समधील फरक कमी करण्यासाठी पॉझिक्स मानकात १९९२ मध्ये शेल व साधनांचा भाग समाविष्ट झाला. कोणत्या साधनाचे प्रदान कोणत्या मांडणीत असावे, हे त्यात अनेक ठिकाणी ठरवून दिले आहे. परंतु बऱ्याच बाबी उत्पादकावर सोडलेल्या आहेत. चाचण्यांचा निकाल सांगण्याची एक साधी प्रमाणित पद्धती पर्ल भाषेच्या पहिल्या आवृत्तीच्या (१९८७) चाचण्यांतून पुढे आली. तीत प्रत्येक चाचणीसाठी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ अशा शब्दांनी सुरू होणारी एक ओळ छापली जाते व एकूण किती चाचण्या अपेक्षित आहेत तेही सांगितले जाते. त्यामुळे स्क्रिप्ट मध्येच बंद पडल्यास राहून गेलेल्या चाचण्या लक्षात येतात.

एक उदाहरण : विषय स्पष्ट होण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याची तालुकानिहाय यादी छापणारी एक काल्पनिक आज्ञावली घेऊ. या जिल्ह्यात यवतमाळ, बाभूळगाव, कळंब, राळेगाव, केळापूर, घाटंजी, वणी, मारेगाव, झरी जामणी, आर्णी, दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद, महागाव व उमरखेड असे १६ तालुके आहेत. आज्ञावली प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव व त्यापुढे लोकसंख्या छापते. एकही तालुका गळलेला नाही आणि जिल्ह्याची बेरीज बरोबर आहे, हे चाचणीने पडताळावयाचे आहे. अशा यादीवर पुढे गावांच्या व लाभार्थींच्या याद्या उभ्या राहतात. त्यामुळे एक ओळ गळाली, तर एका तालुक्यातील सर्व गावे मोजणीबाहेर राहतात आणि एकूण बेरीज डोळ्यांना विश्वसनीय वाटत असल्याने ती चूक दीर्घकाळ ध्यानात येत नाही.

पहिला प्रयत्न म्हणून रिकाम्या जागेवर ओळ तोडून दुसरा रकाना लोकसंख्येचा मानला, तर १५ ओळी बरोबर वाचल्या जातात. ‘झरी जामणी’ या ओळीत मात्र दुसरा रकाना ‘जामणी’ हा निघतो. तेथे संख्या नसल्याने ऑक त्याचे मूल्य शून्य धरते आणि कोणतीही तक्रार न करता चुकीची बेरीज देते. हे नाव काही ठिकाणी संयोगरेषेसह व काही ठिकाणी रिकाम्या जागेसह लिहिले जाते. म्हणजे एका आवृत्तीत यशस्वी ठरलेली स्क्रिप्ट दुसऱ्या आवृत्तीत अयशस्वी होऊ शकते. केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा आहे आणि काही याद्यांत तालुका त्या नावाने येतो. हे सर्व प्रदानातील बदल आहेत. जिल्ह्यात मात्र काहीही बदललेले नसते.

प्रदान बदलण्याची कारणे : (१) साधनाची नवी आवृत्ती. गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत बदलांचा सारांश देणारी ओळ एकच फाइल बदलली तरी ‘फाइल्स’ असे अनेकवचन वापरीत असे आणि वगळलेल्या ओळी नसल्या तरी त्यांची शून्य संख्या छापीत असे. व्याकरणदृष्ट्या अधिक योग्य अशी ही ओळ २०१२ मध्ये करण्यात आली, तेव्हा जुन्या ओळीवर विसंबलेल्या स्क्रिप्ट अडखळल्या. जाळ्याच्या जोडणीची माहिती देणाऱ्या इफकॉन्फिग या साधनात पत्त्याच्या आधी येणारी खूणच नव्या मालिकेत बदलली. ग्रेपच्या ३.८ या आवृत्तीपासून (२०२२) ईग्रेप व एफग्रेप ही जुनी नावे वापरल्यास इशारा छापला जातो. त्याने शोधाच्या निकालात फरक पडत नाही. तथापि त्रुटिप्रवाह रिकामा असावा अशी अपेक्षा धरणाऱ्या चाचण्या अयशस्वी ठरतात.

(२) परिचालन प्रणालींमधील फरक. ओळी मोजणारे डब्ल्यूसी हे साधन लिनक्सवर पाइपमधून आलेल्या मजकुराची संख्या तेवढीच छापते, तर बीएसडी घराण्यातील प्रणालींवर आणि मॅकओएसवर त्या संख्येआधी रिकाम्या जागा येतात. तेथे ‘१६’ या मजकुराची तुलना रिकाम्या जागांसह आलेल्या ‘१६’ शी होऊन चाचणी फसते. दोन्ही बाजू मजकूर म्हणून न घेता संख्या म्हणून घेतल्यास हा फरक नाहीसा होतो.

(३) काळ. फाइलींची सविस्तर यादी देणारी एलएस ही आज्ञा सुमारे सहा महिन्यांच्या आतील फाइलीसमोर तास-मिनिटे छापते व त्याहून जुन्या फाइलीसमोर वर्ष छापते. या यादीवर आधारलेली चाचणी आज यशस्वी होऊन, कोणीही काहीही न बदलता, सहा महिन्यांनी अयशस्वी होऊ शकते.

(४) पाहणारा कोण आहे त्यानुसार होणारा बदल. अनेक साधने प्रदान पडद्यावर जात असेल तर रंग, अवतरणचिन्हे किंवा पृष्ठविभागणी वापरतात आणि पाइपमध्ये जात असेल तर साधा मजकूर देतात. उदा., जीएनयूच्या एलएसमध्ये ८.२५ या आवृत्तीपासून (२०१६) विशेष चिन्हे असलेली फाइलनावे पडद्यावर अवतरणचिन्हांत येतात. येथे स्क्रिप्टकडे जाणारे प्रदान जाणीवपूर्वक पूर्ववत ठेवलेले आहे. तरीही पडद्यावरून नक्कल करून तयार केलेले अपेक्षित प्रदान चुकीचे ठरते.

(५) भाषा व प्रदेश. संगणकावर निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या नियमसंचास लोकेल म्हणतात. दिनांक, संख्या, वर्णक्रम व संदेशांची भाषा त्यानुसार ठरते. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे कारण विशेष महत्त्वाचे असल्याने त्याचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

मराठी प्रदानाचे विशेष : लिनक्सवर मराठी लोकेल निवडल्यास दिनांकाच्या आज्ञेचे प्रदान मराठी वार व महिन्यांच्या नावांनी येते आणि इंग्रजी महिन्याचे नाव शोधणारी चाचणी तेथेच थांबते. संख्यांच्या बाबतीत यवतमाळ जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या हे चांगले उदाहरण आहे. ती २७७२३४८ अशी सलग, २,७७२,३४८ अशी पाश्चात्त्य गटवारीने किंवा २७,७२,३४८ अशी भारतीय गटवारीने छापता येते आणि यांतील प्रत्येक रूप देवनागरी किंवा इंग्रजी अंकांत येऊ शकते. संख्या एकच, परंतु यंत्राच्या दृष्टीने हे सहा वेगवेगळे मजकूर आहेत. यूनिकोड संघटनेच्या सीएलडीआर या लोकेल-माहितीच्या संचात मराठीसाठी देवनागरी अंक हीच मूळ पसंती आहे. जावा भाषेने २०१७ मध्ये तिच्या नवव्या आवृत्तीत हा संच मूळ आधार म्हणून स्वीकारला. इंग्रजी अंकांचाच नमुना शोधणाऱ्या आज्ञेला देवनागरी अंकांतील संख्या सापडत नाही.

नावांच्या लेखनात आणखी सूक्ष्म अडचण आहे. यवतमाळ ज्या प्रदेशात येतो त्या ‘वऱ्हाड’ या नावातील अर्धा र यूनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त जोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण त्यांचे बाइट भिन्न असतात. यूनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही या दोन रूपांना एक करीत नाही, कारण ते अदृश्य जोडचिन्ह काढून टाकीत नाही. म्हणून मराठी मजकुराची तुलना करण्यापूर्वी कोणते रूप ग्राह्य धरावयाचे ते चाचणी लिहिणाऱ्याने स्वतः ठरवावे लागते. अदृश्य चिन्हांचा उपद्रव केवळ मराठीपुरता नाही. सीएलडीआरच्या ४२ व्या आवृत्तीत (२०२२) इंग्रजी वेळेतील ‘एएम’ व ‘पीएम’ यांच्या आधीच्या साध्या रिकाम्या जागेऐवजी अरुंद अखंड जागा आली. ती जावाच्या २० व्या आवृत्तीतून (२०२३) चाचण्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा अपेक्षित व प्रत्यक्ष मजकूर डोळ्यांना सारखे दिसूनही चाचण्या अयशस्वी होऊ लागल्या.

लोकेलच्या बदलांवर रूढ उपाय म्हणजे चाचणीच्या आरंभी ‘सी’ नावाचे मूलभूत लोकेल सक्तीने लागू करणे. त्यात संदेश इंग्रजीत येतात व क्रमवारी बाइटांच्या मूल्यांनुसार लागते. तथापि या उपायाची किंमत मराठी मजकुराला मोजावी लागते. ‘यवतमाळ’ या नावात यूनिकोडची ६ चिन्हे असून यूटीएफ-८ संकेतनात त्यांचे १८ बाइट होतात. सी लोकेलमध्ये चिन्हे मोजण्यास सांगितले तरी उत्तर १८ येते. तसेच ‘ळ’ हे अक्षर मराठी वर्णमालेत ‘ह’ नंतर येते, पण यूनिकोडच्या क्रमात ते ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. यासाठी क्रमवारी व संदेश सी लोकेलप्रमाणे, परंतु चिन्हांची ओळख यूटीएफ-८ प्रमाणे ठेवणारे लोकेल उपयुक्त ठरते. ते जीएनयूच्या सी-ग्रंथालयात २.३५ या आवृत्तीपासून (२०२२) समाविष्ट आहे. मराठी वर्णक्रम हाच तपासाचा विषय असेल, तर मात्र मराठी लोकेलच लागू करावे लागते.

टिकाऊ चाचणीची तत्त्वे : (१) समाप्ती-अंकाचा प्रथम आधार घ्यावा. प्रत्येक आज्ञा संपताना शेलकडे एक पूर्णांक परत करते. शून्य म्हणजे यश व इतर अंक म्हणजे अपयश वा विशेष स्थिती. संदेशातील शब्द बदलतात, पण हा अंक क्वचितच बदलतो. ‘फाइल सापडली नाही’ हे वाक्य शोधण्यापेक्षा आज्ञा अपेक्षित अंकाने संपली का, हे पाहणे अधिक भरवशाचे आहे. पाइपने जोडलेल्या आज्ञांच्या साखळीत सर्वसाधारणपणे शेवटच्या आज्ञेचाच अंक मिळतो व आधीच्या आज्ञेचे अपयश झाकले जाते. ते उघड करणारा ‘पाइपफेल’ हा पर्याय अनेक शेलमध्ये पूर्वीपासून होता; पॉझिक्स मानकात तो २०२४ च्या आवृत्तीत आला.

(२) यंत्रासाठी ठरविलेले प्रदान उपलब्ध असल्यास तेच वापरावे. गिटच्या स्थितिदर्शक आज्ञेला १.७.० या आवृत्तीपासून (२०१०) ‘पोर्सिलेन’ हा पर्याय आहे. तो दिल्यास प्रदान पुढील आवृत्त्यांतही त्याच मांडणीत राहील, अशी हमी दिलेली आहे. पुढे अधिक माहितीची गरज भासली, तेव्हा जुनी मांडणी न बदलता २०१६ मध्ये दुसरी, क्रमांकित मांडणी स्वतंत्रपणे देण्यात आली. त्याच आज्ञेचे माणसांसाठीचे प्रदान मात्र मध्यंतरी बदलले : प्रत्येक ओळीच्या आरंभी येणारे ‘#’ हे चिन्ह २०१३ मध्ये काढून टाकण्यात आले. डिस्कवरील जागा सांगणाऱ्या डीएफ या आज्ञेला पॉझिक्सने असाच एक पर्याय दिला आहे. त्याने लांब नावांमुळे ओळ तुटण्याचा धोका टळतो. जेसन या मांडणीत प्रत्येक मूल्यास नाव असल्याने रकान्यांचा क्रम बदलला तरी चालतो. त्यात नवी नावे भर पडू शकतात हे गृहीत धरून, चाचणीने अनोळखी नावांकडे दुर्लक्ष करावे.

(३) परिस्थिती निश्चित करावी. लोकेल, कालक्षेत्र, पडद्याची रुंदी, रंग व पृष्ठविभाजक या बाबी चाचणीच्या आरंभीच ठरवून द्याव्यात. गिटच्या चाचणीसंचात हे सर्व केलेले आढळते. तेथील चाचण्यांतील कृत्रिम घड्याळ ७ एप्रिल २००५ या दिवसातील एका क्षणापासून सुरू होऊन दर नोंदीस ६० सेकंदांनी पुढे सरकते. त्यामुळे चाचणी कोणत्याही दिवशी चालविली तरी दिनांक तेच येतात.

(४) तुलनेपूर्वी सामान्यीकरण करावे. तात्पुरत्या फाइलींची नावे, वेळ, प्रक्रिया-क्रमांक यांसारख्या अपरिहार्यपणे बदलणाऱ्या भागांच्या जागी एक ठराविक खूण घालावी. क्रमाला अर्थ नसेल तर दोन्ही बाजू त्याच नियमाने क्रमवार लावाव्यात. यवतमाळच्या यादीत गटवारीची स्वल्पविरामचिन्हे काढून व अंक एकाच लिपीत आणून मगच बेरीज तपासावी. सामान्यीकरण जेवढे आवश्यक तेवढेच असावे. सर्वच अंक पुसून टाकल्यास तपासण्यासारखे काही उरत नाही.

(५) वाचनाचे काम एका ठिकाणी ठेवावे. प्रदानातून लोकसंख्या काढणारे सूत्र पन्नास चाचण्यांत विखुरलेले असेल, तर मांडणीच्या एका बदलासाठी पन्नास दुरुस्त्या कराव्या लागतात. तेच एका शेल-फलनात असेल, तर एक दुरुस्ती पुरते. गिटमध्ये प्रत्येक नोंदीस सोळा अंकी पद्धतीतील ४० अंकांची ओळख होती. ६४ अंकांच्या नव्या ओळखीला २०२० मध्ये प्रायोगिक स्वरूपात वाव देण्यात आला. त्यापूर्वी चाचण्यांत ठिकठिकाणी प्रत्यक्ष लिहिलेल्या ओळखी व त्यांची लांबी शोधून, त्यांच्या जागी एका मध्यवर्ती सारणीतून मूल्य देणारे फलन योजावे लागले.

(६) प्रदान व त्रुटिप्रवाह वेगळे ठेवावेत. दोन्ही एकाच फाइलीत घेतल्यास साधनाने दिलेला एखादा निरुपद्रवी इशारा माहितीच्या ओळींत मिसळतो आणि ओळींची संख्या १६ ऐवजी १७ भरते.

(७) स्थिर ओळख वापरावी. नावे बदलतात. औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाले आणि अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नावाने शोधणाऱ्या स्क्रिप्टला जुने जिल्हे सापडेनासे होतात. क्रमांकाने शोधणारी स्क्रिप्ट चालू राहते. परंतु क्रमांकही निरपेक्ष नसतो. २००१ च्या जनगणनेत यवतमाळचा क्रमांक राज्यापुरता १४ होता. २०११ मध्ये देशातील सर्व ६४० जिल्ह्यांना सलग क्रमांक दिल्यामुळे तो ५१० झाला. म्हणून क्रमांकाबरोबर तो कोणत्या आवृत्तीतील आहे हेही नोंदविणे आवश्यक ठरते. गिटने आपल्या मांडणीस आवृत्ति-क्रमांक दिला, त्यामागील कारण हेच होय.

सैलपणाचा धोका : मांडणीच्या बदलांना कंटाळून अनेकदा अचूक तुलनेऐवजी ‘मजकुरात अमुक शब्द आहे का’ एवढेच पाहिले जाते. यवतमाळच्या यादीत ‘नेर’ हा शब्द शोधला, तर तो नेर तालुक्याच्या ओळीतच सापडतो. तीच स्क्रिप्ट संपूर्ण राज्याच्या यादीवर चालविली, तर जामनेर, अमळनेर, संगमनेर व पारनेर या ओळीही जुळतात. मग यादीतून नेर तालुका गळाला तरी चाचणी यशस्वीच राहते. ‘कळंब’ च्या बाबतीत पूर्ण शब्द जुळवूनही भागत नाही, कारण त्या नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यातही आहे. तेथे जिल्हा व तालुका ही जोडीच तपासावी लागते. थोडक्यात, नमुना रिकाम्या जागांबाबत उदार असावा, पण अर्थाबाबत काटेकोर असावा.

नकारात्मक चाचण्यांत हा धोका अधिक असतो. ग्रेप ही आज्ञा मजकूर सापडल्यास ०, न सापडल्यास १ आणि फाइलच उघडता न आल्यास किंवा अन्य त्रुटी झाल्यास १ पेक्षा मोठा अंक परत करते. ‘चूक हा शब्द सापडू नये’ एवढीच अट घालणारी चाचणी शेवटच्या दोन स्थितींत फरक करीत नसेल, तर तपासावयाची फाइल निर्माणच झाली नाही तरी ती यशस्वी ठरते. त्याचप्रमाणे प्रदानातील प्रत्येक ओळ तपासणारे आवर्तन प्रदान रिकामे असल्यास एकदाही चालत नाही व चाचणी यशस्वी दिसते. म्हणून ओळींची अपेक्षित संख्या—येथे १६—प्रथम तपासण्याची सवय हितावह असते.

चाचणी खरोखर चाचणी आहे, याची खात्री करण्याचा मार्ग साधा आहे : ती मुद्दाम अयशस्वी करून पाहावी. यादीतून एक तालुका काढावा, एका लोकसंख्येतील एक अंक बदलावा आणि चाचणी गजर देते का ते पाहावे. त्यानंतर अर्थ न बदलता केवळ मांडणी बदलावी, म्हणजे रिकाम्या जागा वाढवाव्यात किंवा क्रम उलटा करावा, आणि चाचणी शांत राहते का ते पाहावे. गिटच्या विकासकांनी याच विचाराने २०११ मध्ये एक युक्ती योजिली. चाचण्या चालविताना भाषांतरयोग्य सर्व संदेशांच्या जागी हेतुपुरस्सर निरर्थक मजकूर छापला जाई. जी चाचणी अशा वेळी अयशस्वी होई ती संदेशाच्या शब्दांवर विसंबलेली आहे, हे उघड होई. ती जपण्याचा खर्च उपयोगापेक्षा अधिक वाटू लागल्याने २०२१ मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली. टिकाऊपणालाही किंमत असते व ती कोठवर मोजावी याचा विवेक ठेवावा लागतो, हे या अनुभवावरून दिसते.

मांडणी हीच अट असेल तेव्हा : काही वेळा मांडणी हाच तपासाचा विषय असतो. यवतमाळची यादी दुसऱ्या कार्यालयातील आज्ञावलीकडे ठराविक रकान्यांत जावयाची असेल, तर रकान्यांचा क्रम बदलणे हा दोषच होय व चाचणीने तो अक्षरशः पकडला पाहिजे. अशा वेळी संपूर्ण अपेक्षित प्रदान एका फाइलीत जतन करून त्याच्याशी तुलना करतात. ही काटेकोर तुलना त्या एकाच चाचणीपुरती ठेवावी; इतर चाचण्यांनी केवळ आशय तपासावा. म्हणजे मांडणी हेतुतः बदलल्यास एकच चाचणी अयशस्वी होते आणि तिचे अपयश नेमके काय बदलले ते सांगते. जतन केलेली फाइल नव्या प्रदानावरून आपोआप अद्ययावत करण्याची सोय असली, तरी दोन्हींतील फरक माणसाने वाचूनच नवी फाइल स्वीकारावी. अन्यथा आज्ञावलीची चूकच पुढे ‘अपेक्षित’ म्हणून प्रतिष्ठित होते.

साधन बनविणाऱ्यावरही काही जबाबदारी येते. प्रदानाचा कोणता भाग स्थिर राहील व कोणता बदलू शकेल, हे त्याने लेखी सांगावे. यंत्रासाठी वेगळी, आवृत्ति-क्रमांक असलेली मांडणी द्यावी. आणि ती बदलण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना द्यावी. गिटमधील सारांशाची पूर्वोक्त ओळ काही काळ भाषांतरयोग्य करण्यात आली होती. परंतु ती स्क्रिप्टकडूनही वाचली जाते हे लक्षात घेऊन २०१२ मध्येच ती पुन्हा इंग्रजीत स्थिर करण्यात आली. चाचणी लिहिणाऱ्याने अशी हमी कोठे आहे ते शोधून तेवढ्यावरच विसंबावे. जेथे हमी नाही तेथे चाचणीत कशावर विसंबलो आहोत हे टिपणीरूपाने नोंदवावे, म्हणजे कालांतराने गजर वाजला तर दोष आज्ञावलीत आहे की केवळ मांडणीत, याचा उलगडा पुढील व्यक्तीला लवकर होतो.

[ → संगणक, संगणक कार्यक्रमण ].